साबण चाखणारी

मोठी सून जीभ बाहेर काढायची तेव्हा कारखान्यातले सगळे हात थांबायचे. कढईपाशी उभा असलेला दीर ढवळायचा दांडा तसाच धरून राहायचा, पॅकिंगवाली बाई कागद अर्धवट दुमडून वर बघायची आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई, ज्या कुणासाठी कधी गप्प बसत नसत, त्याही गप्प बसायच्या. साबणाची वडी ती हातात घ्यायची, उजेडात धरायची, तारेनं तिचा कोपरा कापायची, कापलेल्या जागी जिभेचं टोक टेकवायची आणि डोळे मिटायची. मग दोनातला एक शब्द बोलायची. "झाला" म्हणाली की वड्या पॅकिंगला जायच्या. "लागतोय" म्हणाली की सगळा घाणा पुन्हा कढईत.

त्या घरात तिला 'जेवलीस का' असं कुणी विचारत नसे. 'झाला का' असं मात्र तिला विचारल्याशिवाय एक वडी जागची हलत नसे. माणसाला घरात उभं राहायला तेवढी जागाही पुरते. मोठीला पुरली होती.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, तेलाची पिंपं, आणि कॉस्टिक सोड्याचं घट्ट झाकणाचं पातेलं. कॉस्टिक दिसायला पांढरंशुभ्र, साखरेच्या चुऱ्यासारखं, पण पाण्यात टाकलं की चुलीशिवाय पाणी तापायचं आणि त्याच्या वाफेनं घसा धरायचा. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, हे त्या घरातल्या पोराटोरांनाही बाराखडीच्या आधी शिकवलेलं असायचं. ते पाणी तेलात घातलं, ढवळत राहिलं, की तेलही संपायचं आणि कॉस्टिकही संपायचं. उरायचा तो साबण. अडचण एकच होती. तेल जुनं असलं किंवा माप चुकलं, तर सगळं कॉस्टिक संपत नसे. उरलेलं वडीत दबा धरून बसायचं आणि धुणाऱ्या बाईच्या हातांची सालं काढायचं. ते उरलंय की नाही हे वडीला जीभ लावून कळायचं. उरलं असेल तर जिभेला बारीक झटका बसायचा, सुई टोचल्यासारखा.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी तिला कारखान्यात उभं करून सांगितलं होतं, "जीभ काढ."

तिला वाटलं, बघण्याच्या कार्यक्रमात काही बघायचं राहून गेलं असेल. तिनं जीभ काढली. सासूबाईंनी तिच्यावर वडी टेकवली. झटका असा बसला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत आहे."

सगळे हसले. नवराही हसला. तोंडात पाणी घोळवत मोठीही हसली, कारण नव्या सुनेनं काय करायचं असतं हे तिला घरून नीट शिकवून पाठवलं होतं.

नवरा फार टिकला नाही. तापाचं निमित्त झालं आणि गेला. मूलबाळ नव्हतं. तिच्या भावानं येऊन दोन दिवस राहून, तिसऱ्या दिवशी, आपलं घर किती लहान आहे आणि बायकोचा स्वभाव किती तापट आहे हे न विचारता सांगितलं. नातेवाईक बसून विचार करत होते की हिचं काय करायचं, तेव्हा सासूबाईंनीच निकाल दिला होता. "राहू दे इथेच. जीभ आहे ना तिची."

मागची छोटी खोली तिला मिळाली. खिडकीतून कारखाना दिसायचा.

आणि त्या खोलीत एका दुपारी तिच्या लक्षात आलं की जीभ गेली. एकदम गेली नव्हती. आधी चहाचा चटका लागेनासा झाला, मग मीठ कमी-जास्त कळेनासं झालं. त्या दुपारी तिनं लिंबू कापून अख्खी फोड तोंडात धरली. दात आंबले, पण जिभेवर काही नाही. ओलं फडकं चघळावं तसं. ती बराच वेळ फोड चघळत बसली. मग साल खिडकीबाहेर टाकली आणि हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवून टाकलं.

तोवर तिचे डोळे तयार झाले होते. कॉस्टिक उरलेली वडी तार लावली की कडेला भुरभुरते. तिच्या अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी धरते. कधी बारीक दवबिंदू फुटतात, घाम आल्यासारखे. वडी उजेडात धरायची ती त्यासाठीच. जीभ नुसती दाखवायला. लोक तिच्या जिभेकडे बघत, डोळ्यांकडे कुणी बघत नसे. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. चुकला तर धुणाऱ्या बायकांचे हात सोलत. त्या बायका कारखान्यात तक्रार घेऊन येत नसत.

असं चाललं होतं आणि तसंच चाललं असतं. पण कढईवरच्या त्या धाकट्या दिराचं लग्न झालं.

धाकटी रसायनशास्त्र शिकलेली. लग्नाआधी शिकवणी घ्यायची. बोलायला गोड, उंचीला जेमतेम आणि नजर अशी, की समोरचा माणूस म्हणजे चुकीचं सोडवलेलं गणित. तिलाही दुसऱ्या सकाळी कारखान्यात नेलं.

"मोठे," सासूबाई म्हणाल्या, "हिला शिकव चाखायला. तुझ्यानंतर हिची जीभ."

'तुझ्यानंतर' हा शब्द मोठीच्या छातीत जाऊन बसला. घरात दुसरी जीभ आली, आणि तीही जिवंत, तर पहिली कशाला हवी?

"शिकवते की," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

"मलाही घाई नाही," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, जरा तुमची जीभ दाखवा बघू."

मोठीनं दाखवली. नाही म्हणावं हे सुचलंच नाही. त्या जागी उभं राहून जीभ काढायची सवय होती. धाकटीनं तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. जीभ टोकाला गुळगुळीत आणि फिकट झालेली, चघळून टाकलेल्या रबरासारखी.

"कॉस्टिकला हात लागला की बुळबुळीत का लागतं, ठाऊक आहे?" धाकटी शिकवणीच्या आवाजात म्हणाली. "आपल्या कातड्यात तेल असतं. कॉस्टिक म्हणजे आम्लारी. तिला तेल कढईतलं काय आणि अंगातलं काय, सारखंच. बोटाला बुळबुळीत लागतं तो आपलाच साबण झालेला असतो." मग ती मोठीकडे बघून हळहळल्यासारखं म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या जिभेचा थोडा थोडा साबण होत आलाय, जाऊबाई."

दीर दांडा सोडून हसायला लागला. "वहिनी, जपून हं! पाण्याचा घोट घ्याल आणि फेस यायचा!"

पॅकिंगवाली बाई तोंडावर कागद धरून हसली. सासूबाईही हसल्या. पण त्या धाकटीकडे बघत होत्या, आणि धाकटी हसत नव्हती. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय ते तिनं नुकतंच अगदी जवळून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरून एक बाटली घेऊन आली. बाटलीवरचं नाव ती एका दमात म्हणायची, फिनॉल्फ्थॅलीन; सासूबाईंनी त्याचं 'थेंब' करून टाकलं. तिनं टेबलावर काचेचे पेले मांडले. एकात साधं पाणी होतं. त्यात थेंब टाकला, काही झालं नाही. दुसऱ्यात कॉस्टिकचं पाणी घेतलं. थेंब पडला आणि पाणी एकदम भडक गुलाबी झालं.

"अगंबाई!" पॅकिंगवाली म्हणाली.

"आता बघा." दाराजवळच्या फळीवर व्हिनेगरची बाटली कायम असायची, कॉस्टिक सांडलं की वर ओतायला. धाकटीनं त्यातलं व्हिनेगर गुलाबी पाण्यात सोडलं. रंग फिकट होत गेला आणि एका थेंबासरशी नाहीसाच झाला. "आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात. दोघांपैकी कुणी उरत नाही. खाली राहतं पाणी आणि मिठासारखा क्षार."

"आमच्यासारखंच," दीर म्हणाला. "आई आणि बाबा."

"तू दांडा हलव," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर पेल्यावर होती. "आणि वडीवर टाकले तर?"

"चांगल्या साबणावर फिकट गुलाबी येतो, कारण साबण मुळात थोडा आम्लारीच. कॉस्टिक उरलं असेल तर असा भडक. म्हणजे कुणाला जीभ लावायलाच नको."

मोठीला तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं. "रंगाचं काय खरं," ती म्हणाली. "फिकट कुठं संपतो आणि भडक कुठं सुरू होतो, ते सांगणार कोण? इतकी वर्षं कारखाना जिभेवर चाललाय."

"तिच्याच जिभेवर चाललाय, हे खरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना अशा वेळी फार बरं वाटायचं; दोन सुना समोरासमोर असल्या की त्यांच्या गुडघ्यांचं दुखणंसुद्धा थांबायचं. "मग होऊन जाऊ दे परीक्षा. मी वड्या आणते, तुम्ही सांगा. जिचं खरं, तिचं पुढं चालेल."

"आणि हरेल तिचं?" दिरानं विचारलं.

"धाकटी हरली तर मुकाट्यानं जीभ काढायला शिकेल. मोठी हरली तर..." सासूबाईंनी कारखान्याच्या खिडकीतून मागच्या छोट्या खोलीकडे बघितलं. "तर तिच्या भावाला निरोप द्यायचा. मला तेलाच्या पिंपांना जागा हवीच आहे."

इतकं सरळ बोलून त्या चहा प्यायला गेल्या.

मोठीनं रात्रभर कुशी बदलल्या असं काही झालं नाही. ती गाढ झोपली. तिला करायचं काय ते ठाऊक होतं. व्हिनेगरनं रंग मरतो, हे तिनं सगळ्यांच्या देखत पाहिलं होतं. दुसऱ्या दुपारी घर आडवं झालं तेव्हा ती कारखान्यात गेली, धाकटीच्या बाटलीतले अर्धे थेंब मोरीत ओतले आणि तेवढंच व्हिनेगर भरून बूच लावलं. आता वडीवर पडणारा थेंब आपलं आम्ल बरोबर घेऊनच उतरेल, आणि वडीत कितीही कॉस्टिक असो, रंग यायचा नाही. सगळ्या वड्या चांगल्या ठरतील. मग ती त्यातली वाईट वडी उचलून म्हणेल, लागतोय. कुणी दुसऱ्यानं जीभ लावून बघितलं तरी लागेलच. आपल्याला रसायन एका दिवसात आलं याचं तिला हसू आलं. हातही न धुता ती खोलीत जाऊन आडवी झाली.

पण शिकवणीतल्या पोरांना धाकटीनं जे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ते मोठीला कुणी शिकवलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी धाकटीनं वड्यांना हातच लावला नाही. आधी पेल्यात पाणी घेतलं, त्यात कॉस्टिकचा एक कण विरघळवला आणि थेंब टाकला. पाणी जसंच्या तसं. दुसरा टाकला. तसंच. तिनं बाटली नाकाशी धरली.

"यात व्हिनेगर आहे."

धाकटीनं कुणाकडे बोट दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. मोठीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अरे वा!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "मोठीलाही आलं की रसायन! आम्ही उगाच तिला जिभेपुरती समजत होतो."

"थेंब मी पुन्हा बनवीन. पूड आहे माझ्याकडे, स्पिरिटमध्ये विरघळवली की झालं," धाकटी म्हणाली. "पण आता माझी एक अट आहे. जाऊबाईंचे डोळे बांधा."

"का बरं?"

"त्या जीभ लावायच्या आधी वडी किती वेळ बघतात, मी बघते आहे. चाखते ती जीभ ना? मग डोळ्यांचं काय काम?"

मोठी एक पाऊल मागे सरली. "असं कधी केलं नाही," ती म्हणाली. "डोळे बांधून मला गरगरतं. आई, सांगा ना हिला."

"बांध रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "आणि हातही मागे. बोटांनीही चोरता येतं."

दिरानं पॅकिंगच्या सुतळीनं तिचे हात बांधले. "घट्ट नाही ना, वहिनी?" त्यानं विचारलं. तो तसा मनानं वाईट नव्हता. नंतर डोळ्यांवर फडकं आलं. त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

पहिली वडी सासूबाईंनी तिच्या तोंडाशी धरली. तिनं जीभ लावली. काही नाही. ती वाट बघत राहिली, अंधारात कुणी दार वाजवेल म्हणून बसावं तशी. काही नाही.

"झाला," ती म्हणाली.

"बरोबर," धाकटी म्हणाली. तिनं आधीच नवे थेंब टाकून बघितलेलं होतं.

मोठीच्या जिवात जीव आला. दुसऱ्या वडीला तिनं जिभेवर विसंबणं सोडून दिलं आणि कान दिले. पॅकिंगवालीचा श्वास अडकल्यासारखा वाटला. "लागतोय," ती म्हणाली.

"चूक. चांगला आहे."

"सुरुवातीला होतं असं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "शेवटची नीट बघ."

शेवटची वडी त्यांनी मुद्दाम काढून ठेवली होती. घाणा नीट ढवळला नाही की कढईच्या तळाशी कॉस्टिक बसतं. तिथला खरवडलेला गोळा होता तो. मोठीनं जीभ लावली. कुणी बोलेना. कुणाचा श्वासही ऐकू येईना. इतकं शांत आहे म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार, असं तिनं धरलं.

"झाला."

वडी हलली नाही. "घाई नको," सासूबाई म्हणाल्या. "पुरती जीभ टेकव. तुझ्या खोलीचा प्रश्न आहे."

तिनं पुरती जीभ टेकवली आणि दाबून धरली. एखादा कोपरा जिवंत असेल, एखादी शीर, काहीतरी. ती मनातल्या मनात जिभेच्या हातापाया पडली. आणि मग तिला लागलं, पण जिभेला नाही. खालचा ओठ पेटला. वडी ओठाला घासत होती आणि ओठ तिचा अजून शाबूत होता.

"आई, पुरे!" धाकटी ओरडली. "पाणी आणा! पाणी!"

सासूबाईंनी फळीवरची व्हिनेगरची बाटली उचलली. कॉस्टिक सांडलं की व्हिनेगर, हा त्या कारखान्याचा नियम. जमीन असो की माणूस. त्यांनी मोठीची हनुवटी धरून तोंडात बाटली ओतली.

"व्हिनेगर नको! आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उष्णता निघते! आधी भरपूर पाणी, नुसतं पाणी!"

"तूच म्हणालीस ना, एकमेकांना संपवतात म्हणून?"

"पेल्यात, आई! पेल्यात! जखमेवर नाही!"

"मग पेल्यात एक आणि तोंडात एक, असलं कसलं तुझं शास्त्र?"

दोघी तिच्या डोक्यावरून भांडत राहिल्या. मोठी हात मागे बांधलेली, डोळ्यांवर फडकं, उघड्या तोंडातून व्हिनेगर आणि लाळ गाळत मध्ये उभी होती. शेवटी पॅकिंगवाली बाई कळशी घेऊन आली आणि तिला मोरीपाशी नेऊन तोंडावर पाणी ओतत राहिली.

सुतळी आणि फडकं सोडलं तेव्हा सासूबाई पुढ्यातच खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी तिच्या जिभेकडे बघितलं. टोकाचं कातडं पांढरं होऊन सुटलं होतं.

"कधीपासून गेलीय?"

मोठीनं ओठाला पदर लावला.

"जाऊ दे. माझ्यापेक्षा जास्त टिकली तुझी." सासूबाईंनी आपली जीभ काढून दाखवली. तीही टोकाला तशीच, फिकट आणि गुळगुळीत. मोठीनं ती आजवर कधी पाहिलीच नव्हती. त्या जिभेचा मारच इतका खाल्ला होता की बघायचं सुचलं नव्हतं. "मला चहासुद्धा लागत नाही. म्हणून तर तुला आणली. आणि तुझी जाणार, म्हणून हिला."

धाकटीनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. नवरा कढईत बघत होता. त्याला ठाऊक होतं.

भावाला निरोप गेला. मोठीनं कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिली. काही गिळता येत नव्हतं, गार दूध तेवढं जायचं. भावाचं उत्तर आलं नाही. दुसरा निरोप गेला. तेव्हा उत्तर आलं की भावाला कामाची गडबड आहे, जमेल तसं बघू.

दरम्यान कारखान्यात थेंबांचं राज्य सुरू झालं होतं. वड्या तपासल्या जात होत्या, चुका कमी होत होत्या, आणि माल पडून होता. जुना दुकानदार आला, त्यानं इकडे तिकडे बघितलं. "तुमची ती चाखणारी कुठंय?"

"आता आम्ही शास्त्रीय पद्धतीनं तपासतो," धाकटी म्हणाली आणि थेंब टाकून दाखवला.

दुकानदारानं गुलाबी डागाकडे बघून तोंड वाकडं केलं. "म्हणजे औषध मारता होय साबणावर? नको बुवा. ती बाई जीभ लावायची, तेव्हा गिऱ्हाइकाला शपथेवर सांगता यायचं."

तो गेला. मग धाकटी आई-आई करत सासूबाईंच्या खुर्चीशी जाऊन बसली.

"एक सुचतंय. जाऊबाईंना काही लागत नाही ना? मग त्यांनीच चाखावं. आत नाही, बाहेर. लोकांसमोर. आत मी थेंब टाकीन, बाहेर त्या जीभ लावतील. काही लागणार नाही, म्हणून तोंडही वाकडं होणार नाही. अशी जीभ शोधून मिळायची नाही."

सासूबाईंनी तिच्या गालाला हात लावला. "मला वाटलं होतं तू नुसतीच शिकलेली आहेस."

हे मोठीला सांगितलं तेव्हा ती रडली. आनंदानं रडली. गाठोडं सोडून तिनं कपडे पुन्हा खुंटीला लावले, आणि धाकटीचे दोन्ही हात धरून, अजून नीट न वळणाऱ्या जिभेनं म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"उपकार कसले, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच."

पुढच्या खोलीत तिला खुर्ची मिळाली. पांढरा अॅप्रन मिळाला. समोर काचेच्या बशीत कापलेली वडी. गिऱ्हाईक आलं की मोठी ती उचलायची, जिभेचा लांब फटकारा मारायची आणि हसायची. लोक बायकामुलांना घेऊन बघायला यायला लागले. माल हातोहात जायला लागला. दीर तिला 'आमची जाहिरात' म्हणायचा. जेवताना आता तिला कुणी ना कुणी विचारायचं, जेवलीस का म्हणून. जाहिरात आजारी पडून चालणार नव्हतं.

एक दिवस आतून धाकटीचा आणि सासूबाईंचा दबका आवाज आला. जुनाट तेलाचा घाणा होता. थेंब पडले ते भडक झाले होते.

"पुन्हा कढईत घालावा लागेल," धाकटी म्हणत होती.

"कढईत दुसरा घाणा चढलाय. आणि पाळणाघरवाली बाहेर येऊन बसलीय. तिला आजच हवाय."

"लहान मुलं आहेत, आई."

"लहान मुलांना काय झालं? अंग घट्ट होईल." मग सासूबाई म्हणाल्या, "हवं तर तू चाखून नक्की कर. तुझी तर जिवंत आहे."

थोड्या वेळानं धाकटीच बशी घेऊन बाहेर आली, मोठीपुढे ठेवली आणि वर न बघता परत गेली.

पाळणाघरवाली बाई साधी, थकलेली होती. चालून चालून चपलेचा पट्टा तुटला होता, तो तिनं दोऱ्यानं बांधला होता. "तुमचं ऐकून आले हो," ती मोठीला म्हणाली. "मोठ्या दुकानातल्या साबणानं आमच्या एका बाळाच्या मांड्या लाल झाल्या. फार रडतं बिचारं. म्हटलं, तुम्ही स्वतः जिभेला लावून देता, म्हणजे काळजी नको. तान्ह्या मुलांच्या अंगाला चालेल ना?"

मोठीनं वडी उचलली. उजेडात धरली. सवयच होती. कापलेली कड भुरभुरत होती. वर पिठासारखी पांढरी भुकटी धरली होती आणि भुकटीतून बारीक दवबिंदू फुटले होते. इतकी वाईट वडी तिनं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. डोळे तिचे अजून कुणी घेतले नव्हते.

आतल्या दाराचा पडदा किंचित बाजूला होता. मागे कुणीतरी उभं होतं. सासू की जाऊ, ते तिला दिसलं नाही आणि तिनं बघितलंही नाही.

तिनं जीभ काढली आणि वडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवली, ओठाला लागणार नाही अशी बेतानं. मग हसली.

"लोण्यासारखा आहे," ती म्हणाली. "डोळे झाकून घ्या."

बाईच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरला. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. मोठीनं वड्या भरल्या, आणि सगळ्या भरून झाल्यावर बशीतली कापलेली वडीही कागदात गुंडाळून वर ठेवली.

"ही त्या रडणाऱ्या बाळाला," ती म्हणाली. "माझ्याकडून."